ताब्याच्या

शब्द मीच कोरला.
गोकाकचा गुलाबी दगड, छिन्नी दोनदा पाजवावी लागली.
मजकूर ईरण्णा बडिगेरनं दिला, वहीचं पान फाडून,
वर कन्नड, खाली मराठी:
ताब्याच्या दिवसांत तिथं असलेल्यांच्या आठवणीस.
मी म्हटलं, कुणाचा ताबा?
"जपानचा की गा. सेहेचाळीस साल. दुसरा कुणाचा?"
अक्षराचे पैसे ठरले, काना-मात्रा फुकट.

पुतळा उभा नव्हता.
हवालदार भरमू मुतगेकर उकिडवा बसलेला,
पेन्शनीत आल्यावर रताळ्याच्या वेलापाशी बसायचा तसा.
बंदूक मागं, मातीला टेकलेली.
तळहातावर लाकडी चप्पल, लहान पोराची,
एकच.
ती त्याच्या ट्रंकेत मिळाली होती, लष्करी घोंगडीत गुंडाळून.
कुणाची, ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

पहिला आठवडा मिशीवर गेला.
मग, सैनिक बसतोय कशाला?
मग, हातात चप्पल म्हणजे अपमान. आमचा का जपानचा,
यावर चहाच्या गाड्यावर दोन गट पडले, आणि मिटलेही.

मग कुणीतरी फोटो काढला.
फोटोत भरमू नव्हता, जपान नव्हता,
फक्त एक शब्द, मी कोरलेला, ऊन तिरकं पडून चांगला उठलेला.
संध्याकाळपर्यंत तो बेळगावात पोचला.
सकाळी एका टेम्पोतून हार आला:
"बरोबर लिवलंय, ताबाच हाय ह्यो!"
दुसऱ्या टेम्पोतून शाई आली.
भरमूला दोन्ही मिळालं.
पोलिसांनी त्याच्यावर निळी ताडपत्री टाकली,
मार्कंडेयच्या पुलावरून बघितलं की वाटायचं
कुणीतरी आत बसून बिडी ओढतंय.

पंचायतीत तहसीलदारसाहेब म्हणाले, शब्द बदला.
मुक्काम लिहा. सेवा लिहा. शांतता लिहा.
कोपऱ्यातून भरमूची पुतणी उठली, गौराक्का,
गुडघ्यावर हात देत.
"काका एकदाच बोलला होता.
म्हणाला, आमी कुणाला मारलं नाही तिथं.
लढाई संपल्यावरच गेलतो.
पण आमी रस्त्यानं निघालो की बायका पोरं उचलून
दुसऱ्या गल्लीत शिरायच्या.
त्याला मुक्काम म्हणत्यात व्हय, साहेब?"
कारकुनानं पेन उचललं, परत ठेवलं.

बदलायला एकमत झालं नाही.
काढायला झालं.

दगडातलं अक्षर खोडत नाही.
ते जितकं खोल, तितका भोवतालचा दगड उतरवावा लागतो.
मी तीन अक्षरं वर उतरवली, तीन खाली,
दोन पोलीस सावलीला उभे, एक कन्नड पेपर वाचत,
एक माझ्याकडं बघत: "हे पण तूच लिहिलेलं ना?"
होय म्हटलं.
धूळ नाकात गेली, दोन दिवस गुलाबी शिंकत होतो.

आता तिथं दोन खळगे आहेत, चौकोनी.
वाचणारा तिथं येऊन अडतो,
मग पुढचं वाचतो: दिवसांत तिथं असलेल्यांच्या आठवणीस.
शाळेची पोरं खळग्यात बोट फिरवून
शब्द ओळखायचा खेळ खेळतात.
सगळ्यांना येतो.

ताडपत्री काढली त्या दिवशी गौराक्का आली.
मी हत्यारं गोळा करत होतो. सहज विचारलं,
चप्पल डाव्या पायाची का उजव्या?
"तसलं नसतंय त्यात. कुठल्याबी पायात जाती.
अदलून बदलून घालायची, म्हणजे सारखी झिजती,
काका म्हणायचा."
म्हणजे त्यानं एवढं तरी सांगितलं होतं.
मी म्हटलं, मग दुसरी कुठाय?
तिनं पदर ओला केला
आणि दगडी चपलेवरची शाई पुसू लागली.
बरीचशी निघाली.
पट्ट्याच्या खाचेत राहिली थोडी.